पावती कुणाच्या नावानं फाडू?

शाळेचं छप्पर उडालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीचं म्हणणं, शाळा जिल्हा परिषदेची हाय, सरकार बघून घेईल, आपण कशाला मधी पडायचं. दुसरीचं म्हणणं, सरकारच्या भरवशावर बसलो तर आत्ता पहिलीला असलेल्या पोराला मिसरूड फुटंल तरी पत्रा यायचा नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीवर, त्यामुळं दोन्ही पार्ट्या मलाच धरून बोलायच्या आणि गंमत म्हणजे मला दोन्हींचं पटायचं.

समितीवर कशी आले ते आधी सांगते, नाहीतर वाटायचं बाई पुढारी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत. मग पालक सभेला जी बाई दिसली तिचं नाव लिहिलं, त्यात मी. आमच्या बचत गटाची वही मी लिहिते हे मोठ्या बाईंना माहीत होतं, त्यामुळं हिशोबाचं काम आपोआप गळ्यात पडलं.

गाव आमचं सांगलीच्या खानापूर तालुक्यातलं, घाटमाथ्यावरचं. एकेकाळी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं, आता टेंभू योजनेचं पाणी आल्यावर द्राक्षं, डाळिंबं दिसायला लागलीत. वळीव काय आम्हाला नवा नाही. मेमध्ये दुपारभर जीव नकोसा होतो, चारच्या सुमाराला आभाळ काळंनिळं होतं, आधी धुरळा, मग वारा, मग चार गारा, आणि अर्ध्या तासात परत ऊन पडतं. त्या दिवशीही तसंच वाटलं. पण वारा असा आला की घरात दोन बायका दाराला पाठ लावून उभ्या राहिलो तरी कडी निघत होती. पाऊस थांबल्यावर पोरं ओरडत आली, शाळा उघडी पडली म्हणून. दोन खोल्यांवरचे पत्रे गेलेले. एक पत्रा पाटलांच्या मळ्यात बाभळीला असा गुंडाळला होता की काढायला कटर लावावा लागला. सुट्टी होती म्हणून पोरं वाचली, ह्याउपर काही बोलायला नको.

पत्रा कसा उडतो हे मला विट्याच्या फॅब्रिकेशनवाल्यानं समजावलं. मला वाटायचं वारा जोरात आला की पत्रा ढकलला जातो. तसं नाही म्हणे. छपरावरून वारा जोरात गेला की वरचा दाब कमी होतो, पत्रा वर ओढला जातो, आणि त्याच वेळी फुटक्या खिडकीतून, मोडक्या दारातून आत घुसलेला वारा खालून उचलतो. दोन्हीकडून ताण. सगळ्यात आधी कडेचे पत्रे जातात, पागोळीजवळचे आणि आढ्याजवळचे, आणि कडेचा एक निघाला की वाऱ्याला आत शिरायला तोंड मिळतं, मग बाकीचे पाठोपाठ. त्यानं जमिनीवर पडलेला एक हुक उचलून माझ्या हातात दिला. गंजून मधोमध काडीएवढा झालेला. वायसर तर नव्हताच, जिथं वायसर असायला पाहिजे तिथं कुणीतरी कधीकाळी डांबराची चिंधी लावलेली. म्हणाला, ताई, पत्रा चांगलाय बघा अजून, हुकानं दगा दिला. हुक किती रुपयाचा असतो हे मी त्याला विचारलं आणि मग विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

खरं रडू मात्र पत्र्याचं नव्हतं, रजिस्टरांचं होतं. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा जीव. कोण कधी दाखल झालं, जन्मतारीख काय, जात काय लावली, शाळा कधी सोडली, सगळं त्यात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तेव्हा ज्यांनी शाळेची पायरी तीस वर्षांत चढली नव्हती तीपण माणसं बाईंच्या टेबलापुढं लाईन लावून उभी होती, माझ्या पणजोबाचं पान दाखवा म्हणून. ती जुनी रजिस्टरं लोखंडी कपाटात होती, पण कपाटालाच वरून भोक, त्यामुळं दोन भिजली. आम्ही चौघीजणी समाजमंदिरात पंखा लावून, पानापानात वर्तमानपत्र घालून ती वाळवत बसलो. मोडी वळणाचं अक्षर, शाई कुठं कुठं पसरलेली. वाचता वाचता एकीला सासऱ्यांचं नाव सापडलं, एकीला चुलत आजेसासऱ्यांचं. पोरींची नावं सुरुवातीच्या पानांवर अशी शोधावी लागत होती जशी तांदळातला खडा.

हां तर पैसे.

विट्याच्या माणसानं अंदाज दिला अडीच लाखाच्या आतबाहेर. अँगल काही ठिकाणी सडलेले, ते बदलायचे, पत्रे नवीन, कडेला दुप्पट फास्टनर, रबरी वायसरचे स्क्रू. शाळेकडं स्वतःचं काय असतं तर वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान. 31 ते 100 पटाच्या शाळेला ते 25 हजार. त्यातच खडू, त्यातच झाडू, त्यातच लाईटबिल, त्यातच नळाची तोटी. पट आमचा चाळीसच्या पुढं. म्हणजे हिशोब लहान पोरालापण जमेल असा.

सरकारी वाट वेगळी. तलाठी आणि ग्रामसेवक येऊन पंचनामा करून गेले, फोटो झाले, बांधकामवाल्या साहेबांनी मोजमाप घेतलं, अंदाजपत्रक होणार, प्रस्ताव वर जाणार, वरून जिल्हा नियोजनमध्ये बसला तर निधी पडणार. कुणी वाईट बोललं नाही, सगळे चांगलेच बोलले. फक्त कधी ह्याचं उत्तर कुणी दिलं नाही. आणि शाळा तर 15 जूनच्या आसपास सुरू होणार.

इथं एक जुनी खोड सांगते. गावातले एक माजी सदस्य मला बाजूला घेऊन म्हणाले, वैनी, तुमी स्वतः पत्रा घातला की फाईल बंद झाली म्हणून समजा, साहेब म्हणणार काम झालंय की. हे मला आधी खोटं वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. लोकांनी वर्गणी काढली की सरकार सुटतं, हा धोका खराच आहे. म्हणून आम्ही असं ठरवलं की दुरुस्ती करायची पण अर्ज मागं घ्यायचा नाही. लेखी परवानगी मागितली, त्याच पत्रात लिहिलं की हा तात्पुरता इलाज आहे, वर्गखोल्यांचा प्रस्ताव कायम समजावा, आणि प्रत्येक कागदावर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडलं नाही. कुणाला उपयोग होणार असेल तर एवढं एकच सांगेन, शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर दुसऱ्या तालुक्याला जातं.

मग वर्गणी कशी काढायची ह्यावर दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. देणगी मागायची का पट्टी बसवायची. ज्यांना आमच्याकडची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी, जत्रेला घरटी ठरलेली रक्कम असते ती पट्टी. मागायला लागत नाही, सांगायला लागतं. तमाशा, कुस्त्या, शर्यती, देवाचं सगळं त्यावर चालतं आणि बाहेरगावी असलेला माणूसही जत्रेच्या आधी पट्टी पोचती करतो, कारण पट्टी थकली म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. देणगी वेगळी. ज्याला जेवढं वाटतं तेवढं, आणि फलकावर नाव.

मी पट्टीच्या बाजूची. माझं म्हणणं सरळ होतं, घरटी हजार, सगळ्यांना सारखं, मग शाळा कुणा एकाची होत नाही. आमच्याकडं दोनशेच्या वर उंबरा आहे, हिशोब जमत होता. विरोध झाला तो दोन बाजूंनी. ज्यांची पोरं पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला जातात ते म्हणाले, आमचं पोरगं तिथं नाही, आम्ही का द्यायचं. आणि दुसरी बाजू जास्त खरी होती. वस्तीवरच्या एका बाईनं बैठकीतच सांगितलं, शाळेत पोरं आमची हायती आणि हजार रुपये आमच्याकडंच न्हाईत, ज्यांच्याकडं हायती त्यांची पोरं बसनं जात्यात. सगळे गप्प. मला तिचं बोलणं खटकलं नाही, ती बरोबरच होती. सारखी पट्टी म्हणजे सारखा भार नसतो हे बचत गटात व्याज लिहिणाऱ्या बाईला वेगळं सांगायला लागत नाही. शेवटी पट्टी हजारच ठेवली पण ज्याला जमत नाही त्यानं दोन दिवस राडारोडा काढायला यायचं, आणि ज्याला तेही जमत नाही त्याच्या दारात जायचंच नाही असं ठरलं. कुणाच्या दारात गेलो नाही हे कुठं लिहून ठेवलं नाही. एवढं तरी पाळलं.

दारोदार जायचं काम आम्हा बायकांकडं आलं, का तर पुरुषांना एकमेकांची जुनी भांडणं आठवतात. पहिल्या गल्लीतच कळलं की पट्टीची पावती घराच्या मालकाच्या नावानं फाटते आणि मालक कायम शेतात असतात. बाई दारात, चहा ठेवते, बसा म्हणते, शाळेबद्दल दोन गोष्टी तळमळीनं बोलते आणि पैशाचं आलं की, मालक आलं की सांगते हं. ती टाळत नसते. तिच्या हातात नसतंच.

एका घरात मात्र वेगळं झालं. म्हाताऱ्या मावशी, दोन शेरडं राखतात. त्यांच्या पोरानं आदल्या दिवशीच हजार भरले होते, मी नुसतं पाणी प्यायला टेकले. मावशी आत गेल्या, पिशवीतून दोनशेची नोट काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, त्याच्या नावाची फाडलीस न्हवं, आता माझ्या नावाची येगळी फाड. मी म्हणलं मावशी, घरातनं आलेत की पैसे. तर म्हणाल्या, घरातनं आलं, माझ्याकडनं कुठं आलं? करडू इकल्याचं हायती. आणि पावती हातात घेऊन उलटी का सुलटी न बघता घडी घालून बटव्यात टाकली. त्यांना वाचता येत नाही. पण पुढच्या तीन घरांत जाईपर्यंत ही बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि मग शंभर, पन्नास, दोनशे, अशा बायकांच्या नावाच्या पावत्या सुरू झाल्या. पावतीपुस्तक दोनदा छापून आणावं लागलं.

मला त्या वेळी कर्मवीर आठवले, आणि सातारा-सांगलीकडच्या माणसाला शाळा म्हटल्यावर ते आठवणारच. 1919 च्या 4 ऑक्टोबरला कराडजवळच्या काल्याला भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या पोरांना जेवायला घालायला त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट आपल्याकडं प्रत्येक भाषणात येते आणि यायलाच पाहिजे. पण मला त्यापेक्षा मुष्टिफंड जास्त विचार करण्यासारखा वाटतो. घरोघरच्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते बोर्डिंगला द्यायचं. मंगळसूत्र एकदाच मोडता येतं. मूठ रोज काढता येते. आणि मुख्य म्हणजे पैसे मालकाच्या खिशात असले तरी धान्याच्या कणगीत हात बाईचा असतो, तिथं तिला कुणाला विचारायला लागत नाही. ज्यानं कुणी ही युक्ती काढली त्याला घर कसं चालतं ते आतून माहीत होतं.

गावातली रक्कम अशी जमत गेली पण अडीच लाखाला अजून बरंच अंतर होतं. मग गलाईवाले. आमच्या भागातलं घर म्हणजे एक पाय गावात आणि एक पाय केरळात नाहीतर तामिळनाडूत, कुणी पार बंगालात. जुनं सोनं-चांदी गाळून, ॲसिडात टाकून शुद्ध करून द्यायचा धंदा. सोळा-सतराव्या वर्षी पोरगं चुलत्याबरोबर जातं, मूस धरायला शिकतं, मल्याळी नाहीतर तमिळ बोलायला शिकतं, ॲसिडची वाफ खातं आणि जत्रेला पांढरे कपडे घालून येतं. ह्या सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पाचशेच्या वर माणसं.

ग्रुपवर मागायची एक रीत असते हे मला दिरांनी शिकवलं. पहिला आकडा कोण टाकतो ह्यावर सगळं. पहिल्यानं पन्नास हजार टाकले तर बाकीचे हात जोडायची चिन्हं टाकून गप्प बसतात, पहिल्यानं पाचशे एक टाकले तर सगळेच पाचशे एकवर उतरतात. म्हणून आधीच एका वडीलधाऱ्या माणसाला फोन करून सांगितलं, अण्णा, तुमी पाच हजार टाका आणि स्क्रीनशॉट टाका, मग आमी बघतो. खातं समितीचं, मोठ्या बाई आणि अध्यक्ष दोघांच्या सहीचं. क्यूआर कोडही त्याच खात्याचा. कुणाच्या वैयक्तिक नंबरवर एक रुपया घ्यायचा नाही हा नियम मी हट्टानं लावला, त्यावरून दोन जवळची माणसं माझ्याशी बोलायची बंद झाली, झाली तर झाली.

दोन दिवस बरे पैसे आले आणि मग आटले. तेव्हा मोठ्या बाईंच्या डोक्यातनं ते निघालं. वाळवलेल्या रजिस्टरातली ज्याची त्याची ओळ त्याला पाठवायची. ग्रुपवर नाही, खाजगी, आणि फक्त त्याच्याच घरातली, बाईंनी बाकीची पानं झाकून फोटो काढले. खाली फक्त एक वाक्य, हे पान परवा भिजलं होतं. बास. पैसे मागितले नाहीत. एकानं रात्री साडेअकराला फोन केला, कोईमतूरहून. म्हणाला, वैनी, आज्जाचं नाव बघितलं, शाळा सोडल्याचं कारण लिहिलंय 'गुरे राखणे'. मग जरा वेळानं म्हणाला, किती कमी पडत्यात? मी आकडा सांगितला. त्यानं सगळा दिला नाही, पण त्याच्या ओळखीच्या चौघांच्या मागं लागून वसूल केला, जो त्याच्या धंद्यातला नेहमीचा अनुभव असावा.

मधेच एक मोठं प्रस्थ आलं. तालुक्यातलं वजनदार नाव, मी सांगणार नाही. सगळा खर्च एकटा करतो म्हणाले, उरलेली वर्गणी परत करा, फक्त गेटवर कमान आणि कमानीवर वडिलांचं नाव. अर्धं गाव खूष. मी विरोध केला तेव्हा मला विचारलं गेलं, फुकट मिळतंय तर तुझं काय जातंय. माझं असं की त्यांनी पत्रा घातला असता तर पुढचा हुक गंजल्यावर गाव त्यांच्याकडंच बघत बसलं असतं. मावशींच्या दोनशे रुपयांची पावती परत घ्यायला मी त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जाणार होते? वाद बराच ताणला. शेवटी त्यांना सांगितलं की तुमचीपण पट्टी हजार, जास्त द्यायचे असतील तर फरशीचं काम आहे, पण कमान नको. हजार आले. फरशी आली नाही.

शाळा सुरू झाली ती देवळाच्या मंडपात. फळा पालखीच्या कपाटाला टेकवून ठेवलेला, पहिली-दुसरी डाव्या अंगाला, तिसरी-चौथी उजव्या, मधनं दर्शनाला येणाऱ्यांची वाट. कोणी घंटा वाजवली की पोरं एकसाथ 'शाळा सुटली' ओरडायची. प्रसादाचं खोबरं दिवसातून चार वेळा मिळत असल्यानं हजेरी कधी नव्हे ती शंभर टक्के, बाई म्हणाल्या असं असेल तर पत्रा सावकाश घाला.

पत्रा घातला आषाढ लागायच्या आत. त्या फॅब्रिकेशनवाल्यानं मजुरी कमी घेतली, आणि काम चालू असताना मी त्याला वर चढायला लावून एक एक कड बघितली, दोन ठिकाणी वायसर नव्हते ते लावायला लावले. त्याला राग आला. येऊ दे. नावांचा फलक लावला नाही, हिशोबाचा कागद लावला, ग्रामपंचायतीच्या दारावर, पावती नंबरासकट, जमा इतके, खर्च इतका, शिल्लक अकरा हजार आणि काही. सरकारी प्रस्ताव अजून वरच आहे. दर महिन्याला स्मरणपत्र जातं, शिक्का मारून परत येतं, फाईल जाड होत चाललीय.

आता भांडण त्या अकरा हजारांवरून नाही, पुढच्यावरून आहे. मी असं मांडलंय की इथून पुढं जत्रेच्या पट्टीतच घरटी शंभर रुपये शाळेचे धरायचे, दरसाल. हुक बदलायला, वायसर बदलायला, पागोळी बघायला, वादळ यायच्या आधी. यात्रा कमिटीतल्या पोरांनी लगेच गणित केलं, शंभर गुणिले दोनशे म्हणजे वीस हजार, म्हणजे शर्यतीचं तिसरं बक्षीस गेलं. गणित बरोबर आहे, तिसरं बक्षीस जाणारच. पट्टी शंभरनं वाढवा म्हणावं तर त्यालाही ते तयार नाहीत. ग्रामसभेला कोरम लागतो मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते, आणि आमचा विषय अजेंड्यावर इतका खाली टाकलाय की तिथवर माणसं टिकायची नाहीत. पण ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते हे त्यांच्या लक्षात नाही. तिथं ठराव आधी घेणार आहोत, मावशी सूचक, मी अनुमोदक, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेला भाकरी बांधूनच जायचं ठरलंय.